पाण्याची मोजपट्टी आमच्या हाती द्या!



साचेखात्यात ज्यांनी उमर घालवली, त्यांना मोजपट्टीचं राजकारण शिकवायला नको. बारा तास उभं राहून कापड विणायचं विणकरानं. पण ते किती वार भरलं हे सांगणारा गज असायचा मालकाच्या माणसाच्या हाती. तो म्हणेल तेवढे वार आणि तो म्हणेल तेवढा पगार! कापडात खोट निघाली की तेच कापड विणकराच्या गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापून घ्यायची, ही चाल मुंबईच्या गिरण्यांत एके काळी राजरोस चालत होती. 1928 साली मुंबईचा गिरणी कामगार सहा महिने साचे बंद ठेवून झुंजला, तेव्हा नुसतं "पगार कापू नका" म्हणून भागलं नाही. सुताचा नंबर कोणता, एका माणसाकडे साचे किती, कोणत्या मालाला काय दर, हा सगळा हिशोब पुढाऱ्यांना फॉसेट समितीपुढे मांडावा लागला. मालकाच्या आकड्याला कामगाराचा आकडा भिडला, तेव्हा कुठे कामगाराचं म्हणणं कागदावर आलं.

हाच धडा आज पाण्याला लावायचा आहे. म्हणून हे चार शब्द.

धरण उशाला, कोरड घशाला

उत्रोली हे पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्यातलं गाव, नीरेच्या खोऱ्यातलं. या भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यातली आणि शेजारच्या साताऱ्याची किती माणसं परळ-लालबागच्या खोल्यांत पथारीला पथारी लावून राहिली, गिरणीच्या तीन पाळ्यांत त्यांनी आपली तरुणाई कशी जाळली, ते तुम्हांला ठाऊक आहे. ती माणसं गाव सोडून का आली? डोंगरात पाऊस मुबलक. पण दिवाळी उलटली की ओढे आटू लागतात आणि शिमग्यानंतर बायाबापड्यांच्या डोक्यावर हंडे चढतात. ज्या रानात पावसाळ्यात चिखल तुडवायचा, त्याच रानात उन्हाळ्यात झरा उकरायचा. पोट भरेना म्हणून मुंबई गाठली.

आता या कोरड्या रानाच्या उशाला काय आहे ते पाहा. वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण: साडेतेवीस टीएमसी. नीरेवर नीरा-देवघर: 11.73 टीएमसी. वेल्ह्याच्या कानंदी नदीवर गुंजवणी: 3.69 टीएमसी. या तिघांच्या खाली नीरेवरच वीर: 9.41 टीएमसी. चारांची बेरीज 48.33 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच सुमारे 2,832 कोटी लिटर. यांपैकी जवळजवळ 39 टीएमसी पाणी भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतच अडवलेलं आहे.

भाटघरचं पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. मग इंग्रजांनी त्या जागी मोठं धरण उभारलं आणि 1928 च्या सुमारास त्याला मुंबईच्या एका गव्हर्नराचं, लॉईडसाहेबाचं नाव दिलं. तेव्हा भोर हे पंत सचिवांचं संस्थान होतं. ते 1948 साली मुंबई राज्यात विलीन झालं. जमीन भोरची बुडाली आणि कालवे निघाले पुढच्या मुलखात. डाव्या कालव्यानं पुरंदर, बारामती, इंदापूर भिजवले. उजव्यानं खंडाळा, फलटण, माळशिरस आणि त्याही पुढचा मुलूख भिजवला. स्वराज्य आल्यावर जलाशयाला येसाजी कंकाचं नाव दिलं. नाव बदललं ते योग्यच झालं! पण ज्या मावळ्याचं नाव जलाशयाला दिलं, त्याच्या मावळातल्या माणसाला नदीत पाणी किती राहील हे विचारण्याचा अधिकार मात्र दिला नाही.

आज ही नदी वाहते ती कालव्याच्या वेळापत्रकावर. आवर्तन सुटलं की पाणी वाहू लागतं, आवर्तन बंद झालं की पात्रातले खडक उघडे पडतात. पाणी गावासमोरून जातं. पण त्यातलं किती पाणी गावासाठी, गुरांसाठी, नदीकाठच्या विहिरींसाठी पात्रात राहिलंच पाहिजे, हे गावाला हात धरून दाखवता येईल असं कुठे लिहिलेलं नाही. जिथे लिहिलेलं नाही तिथे हक्क नाही. आहे ती मेहेरबानी!

"वाहून गेलं ते वाया गेलं" म्हणणाऱ्यांना जाब

अशी मागणी केली की काही शहाणे लगेच पुढे येतात. "नदीत पाणी सोडायचं? म्हणजे वाया घालवायचं! थेंब न् थेंब अडवला पाहिजे."

या शहाण्यांना आम्ही विचारतो, नदीकाठच्या विहिरीला पाझर कोण देतं? गावच्या नळयोजनेची विहीर पात्रातच खोदलेली असते, तिच्यात पाणी कुठून येतं? वरच्या गावाची घाण खालच्या गावापर्यंत पातळ होऊन निवते ती कशाच्या जोरावर? नदीतला मासा, काठावरची गुरं, धुण्याचा घाट, हे सगळं वाहत्या पाण्यावरच जगतं ना? वाहतं पाणी काम करत असतं. फक्त त्या कामाचं बिल कोणी फाडत नाही, म्हणून ते फुकट गेलं असं वाटतं. घरात राबणाऱ्या बाईचं नाव मस्टरवर नसतं. म्हणून काय ती रिकामी बसलेली असते?

आणि थेंब न् थेंब अडवण्याचा एवढा कळवळा असेल, तर सह्याद्रीपलीकडे बघा. कृष्णा खोऱ्याचं पाणी पूर्वेला वाहायचं. टाटांच्या धरणांनी ते अडवून बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात सोडलं आणि त्यावर वीज काढली. खोपोलीचं वीजघर 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं, भिऱ्याचं 1927 चं. पुढे कोयनेचंही पाणी असंच पश्चिमेला वळलं. 1976 साली बच्छावत लवादाच्या निवाड्यानं या वळवण्यावर वर्षाची मर्यादा घातली: टाटांना सरासरी 42.6 टीएमसी, कोयनेला 67.5 टीएमसी. दोन्ही मिळून 110.1 टीएमसी. नीरेच्या चारही धरणांत मावतं त्याच्या सव्वादोन पटींहून अधिक पाणी! वीज काढून ते कोकणात उतरतं आणि त्यातलं बरंचसं शेवटी समुद्राला मिळतं. त्याला "वाया गेलं" असं म्हणायची कोणाची छाती नाही. कारण ते मीटरमधून गेलं, त्याचा हिशोब ठेवला गेला, त्याला मालक होता. मावळातल्या ओढ्याला मीटर नाही, हिशोब नाही आणि मालकही नाही. म्हणून त्याचं पाणी तेवढं वाया जातं!

गिरणी कामगारांनो, ही वीज कुठे गेली हेही ऐका. ती मुंबईच्या गिरण्यांत आली. ज्या विजेवर तुमच्या वाडवडिलांचे साचे फिरले, ती मावळच्या पाण्याची वीज होती. तिच्यासाठी मुळशीची गावं बुडणार होती, म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांसारख्या माणसानं त्यासाठी तुरुंगवास सोसला. धरण झालंच. तेच सेनापती 1955 साली संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत मोर्चाच्या अग्रभागी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मागे गिरणगाव उभं होतं. पाणी आणि भाषा ही दोन भांडणं वेगळी असतील. लढणारी माणसं तीच होती.

मोर्चा हवाच, पण खिशात आकडा हवा

आता दुसऱ्या बाजूचे मित्र. ते म्हणतात, "आकडे-बिकडे इंजिनेर बघतील. आपण घेराव घालू. पाणी सोडल्याशिवाय उठायचं नाही!"

घेराव घाला. आम्हीही येतो. पण साहेब बाहेर येऊन विचारतो, "किती पाणी पाहिजे?" तेव्हा काय सांगणार? "भरपूर"? साहेब म्हणतो, "सोडलंय की." मग नदीकडे बोट दाखवून तुम्ही म्हणता कमी, तो म्हणतो पुरेसं. त्याच्या वहीत आकडा आहे, तुमच्या हातात बोट आहे. वहीपुढे बोट हरतं.

शिवाय डोळा फसवतो. ओढ्यात लोखंडी पत्रा आडवा बसवून त्याला काटकोनाची खाच पाडली, तर खाचेतून किती पाणी जातं हे नुसत्या उंचीवरून कळतं. खाचेच्या टोकापासून पाणी 15 सेंटिमीटर चढलं, तर सेकंदाला सुमारे 12 लिटर. तेच 30 सेंटिमीटर चढलं, तर सुमारे 68 लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त! काठावर उभा राहणारा म्हणेल, "निम्मंच तर उतरलं." प्रत्यक्षात पाच हिश्श्यांतले चार हिस्से पळवलेले असतात. कुठं पाणी मुरतंय ते असं कळतं.

पत्रा बसवायला पैसे नाहीत? मग एक फीत आणि एक घड्याळ घ्या. ओढ्याचा सरळ भाग निवडा, दहा मीटर मोजून दोन दोऱ्या ताणा आणि पाण्यावर एक संत्रं सोडा. समजा, ओढा दोन मीटर रुंद, सरासरी पाव मीटर खोल आणि संत्र्याला दहा मीटर जायला पंचवीस सेकंद लागले. वेग गुणिले रुंदी गुणिले खोली. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू चालतं, म्हणून येणाऱ्या आकड्याचे शंभरातले सुमारे पंच्याऐंशी धरा. उत्तर आलं सेकंदाला 170 लिटर, म्हणजे सहा क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटरांहून थोडं अधिक. वर्तमानपत्रात रोज छापून येतो तो हा क्युसेक; त्याचा अर्थ एवढाच आहे, आणि तो शाळकरी पोराला समजतो.

पण एका दिवसाचा आकडा म्हणजे एका दिवसाची हजेरी. हक्क सांगायचा तर सालोसालचं मस्टर पाहिजे. पाऊस कुठल्या रानातून कुठे उतरतो, पाऊण वर्ष ओढा कशावर जगतो, विहिरींची पातळी नदीबरोबर किती खाली जाते, धरणाच्या तळाशी असलेल्या झडपेतून किती सुटतं, हे सगळं मांडून "एवढं पाणी पात्रात राहिलंच पाहिजे" असा आकडा काढायला अभियंता लागतो. एवढ्यानंही भागत नाही. ते पाणी दर वेळी अर्ज न करता सुटलं पाहिजे, म्हणून धरणाला तशी वाट करून ठेवावी लागते. तिथेही खुबी आहे. धरणातल्या पाण्याची उंची चौथाईवर आली, की त्याच नळीतून सुटणारं पाणी निम्म्यावर येतं. म्हणजे भरल्या धरणाच्या मापानं बसवलेली नळी नेमकी मे महिन्यात दगा देणार! नळी बसवायची तर उन्हाळ्याच्या मापानं. ही गोष्ट अभियंता सांगेल. पण तो आपला असेल तरच.

गरिबाला वकील मिळतो, मग अभियंता का नाही?

मुद्दा इथेच आहे. धरणाकडे अभियंता आहे, वीज कंपनीकडे आहे, साखर कारखान्याकडे आहे, शहराच्या पाणीपुरवठ्याकडे आहे. नदीकडे आणि डोंगरातल्या गावाकडे नाही.

2005 साली महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाण्याची हक्कदारी ठरवणारं आणि तक्रार ऐकणारं हे स्वतंत्र ठाणं. कोणत्या क्षेत्राला किती पाणी, याचा शेवटचा शब्द 2011 च्या दुरुस्तीनं पुन्हा मंत्रिमंडळानं आपल्याकडे घेतला, हे विसरू नका. त्याच 2005 साली शेतकऱ्यांनी सिंचन चालवण्याचा दुसरा कायदा आला. पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं, असं तो सांगतो. चांगली गोष्ट! पण त्याची मुख्य नजर कालव्याखालच्या लाभक्षेत्रावर आहे. जे रान बुडालं, जे धरणाच्या वर राहिलं, जे नदीकाठी असूनही कालव्याच्या रेषेबाहेर पडलं, त्या रानाचा माणूस या दारात काय घेऊन जाणार? तिथे नकाशे लागतात, प्रवाहाचे तक्ते लागतात, मोजमापाची साल लागते.

गरिबावर खटला झाला तर 1987 च्या कायद्यानं त्याला सरकारी खर्चानं वकील मिळतो. कारण कायदा न जाणणारा माणूस कोर्टात एकटा उभा केला, तर तो न्याय होत नाही, एवढं सरकारला पटलं. मग पाण्याच्या सुनावणीत गावाला सरकारी खर्चानं अभियंता का मिळू नये? नदी आटली तर एका माणसाचं नुकसान होत नाही, अख्खं गाव मुंबईच्या गाडीत बसतं!

हे काही आकाशातले तारे मागणं नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पूर्वी कायदा असा, की जो आधी पाणी उपसून काढील त्याचा पहिला हक्क. नदीत राहिलेल्या पाण्याला वाली नाही. तिथे 1973 साली कायदा करून राज्याच्या जलमंडळाला खुद्द नदीच्या पात्रासाठी पाणीहक्क धारण करण्याचा अधिकार दिला. तो हक्क सांगायचा तर किती पाणी, हे मोजून सिद्ध करावं लागतं आणि वरून कोणी ते पळवलं तर आकड्यानिशी भांडावं लागतं. दक्षिण आफ्रिकेनं 1998 च्या कायद्यात माणसाच्या मूळ गरजेचं आणि नदीच्या जगण्याचं पाणी आधी बाजूला काढून ठेवलं, उरलेलं मग वाटायचं.

परदेश राहू द्या. गंगेच्या वरच्या भागात ऋतूप्रमाणे 20 ते 30 टक्के प्रवाह पात्रात राखावा, असं केंद्रानं 2018 साली अधिसूचनेनं ठरवलं. हरित लवादानं 2017 साली सांगितलं, की नद्यांत कोरड्या दिवसांतल्या सरासरी प्रवाहाचा किमान 15 ते 20 टक्के भाग वाहता ठेवा. आपल्याच कृष्णा खोऱ्यासाठी दुसऱ्या लवादानं 2010 च्या निवाड्यात नदीच्या किमान प्रवाहासाठी 16 टीएमसी वेगळे मोजले. त्यांतले तीन महाराष्ट्राच्या वाट्याचे. गंगामाईला जो न्याय, तो नीरेला का नाही? तिच्या पाण्याला देवत्व कमी पडलं, की तिच्या काठच्या माणसांची मतं?

आपल्याच मातीतले दाखले

आणि महाराष्ट्राला मोजून वाटण्याचं वावडं कधी होतं? धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे बांधून फड पद्धतीनं पिढ्यान् पिढ्या पाणी वाटलं गेलं. पाळी ठरलेली, पाटकरी गावानं नेमलेला, वरच्यानं खालच्याचं पाणी तोडलं तर जाब विचारणारी पंचमंडळी गावातलीच.

भोरच्या शेजारी पुरंदर तालुक्यात नायगाव आहे. 1972 च्या दुष्काळानंतर तिथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. हे साळुंखे कोण? पुण्यात अचूक मोजमापाची साधनं बनवणारा कारखाना चालवणारे अभियंते! त्यांनी हिशोबच उलटा मांडला. पाणी जमिनीच्या एकरांवर द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. अभियंता गावाच्या बाजूनं बसला की काय होतं, ते आमच्या नीरेच्या शेजारीच दिसलं आहे.

खालच्या शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही

यावर भांडण लावणारे टपलेलेच असतात. ते फलटणच्या, बारामतीच्या, माळशिरसच्या शेतकऱ्याला सांगतील, "बघा, वरचे लोक तुमचं पाणी तोडायला निघाले." बदली कामगाराला कायम कामगारावर सोडायची मालकाची जुनी युक्ती ती हीच! म्हणून सरळ हिशोब मांडतो.

समजा, नोव्हेंबर ते जून असे आठ महिने वेळवंडी, नीरा आणि कानंदी या तिन्ही नद्यांत धरणाखाली दहा-दहा क्युसेक पाणी अखंड ठेवलं. दहा हा आकडा नमुन्याचा; खरा आकडा मोजणी करूनच ठरेल. एका नदीला आठ महिन्यांत सुमारे 0.21 टीएमसी लागतं, तिघींना मिळून 0.63. तीन धरणांच्या 38.92 टीएमसीत हे शंभराला पावणेदोनसुद्धा भरत नाही! आणि दहा क्युसेक म्हणजे थोडं का पाणी? दिवसाला जवळजवळ अडीच कोटी लिटर. माणशी 55 लिटर या सरकारी मापानं सव्वाचार लाखांहून अधिक माणसांच्या पिण्याची आणि वापराची गरज.

अजून ऐका. तिन्ही धरणांचं पाणी नदीतून खाली जातं ते वीर धरणात. वाटेत थोडं जमिनीत मुरेल, थोडं उन्हानं उडेल, थोडं गावं वापरतील. उरलेलं वीरला पोचेल आणि तिथून कालव्याला लागेल. तेच पाणी आज आवर्तनाच्या लोंढ्यानं एकदम जातं, ते बारीक धारेनं रोज जाईल, एवढाच फरक. खालच्या शेतकऱ्याच्या ताटातलं आम्ही ओढत नाही. ताट पुढे सरकवताना वाटेतल्या लेकराला एक घास द्या, एवढंच म्हणतो. पाणी कमी पडलं म्हणून वरचा आणि खालचा शेतकरी भांडतात, तेव्हा उपसा न मोजता बसलेला तिसराच कोणी तरी हसत असतो. सगळ्यांची मोजणी झाली, तर खालच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचाच पहिला फायदा आहे. कालव्याच्या तोंडाशी मुरणारं पाणी त्याच्याच वाट्याचं असतं.

हे तुम्हांलाच का सांगतो?

कारण हे राज्य मिळवताना गिरणगावानं रक्त सांडलं. 1 मे 1960 ला मंगल कलश आला, 1964 साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. राज्य मराठी झालं. मग धरणाच्या वहीतला आकडा मराठी माणसाला मराठीत का दिसू नये? भाषेचं राज्य म्हणजे नुसत्या दुकानाच्या पाट्या नव्हेत. माझ्या गावचं पाणी किती, कुणी घेतलं, कधी सुटणार, हे माझ्या भाषेत माझ्या चावडीवर लिहिलेलं असणं म्हणजे भाषेचं राज्य!

दुसरं कारण. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले. किती तरी कामगार गावाकडे परतले. त्यांच्यात फिटर आहेत, जॉबर आहेत, साचे दुरुस्त करणारे आहेत. ज्या हातानं धाग्याचा नंबर ओळखला, त्या हाताला ओढ्यातल्या पट्टीवरचा आकडा वाचायला किती वेळ लागेल? गावोगावी अशी चार माणसं उभी राहिली तर मोजणीची फौज तयार आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर इथे माग चालवणाऱ्या भावांनो, तुमच्याही गावच्या ओढ्याची हीच कथा असेल. सुट्टीत गावी जाल तेव्हा एक फीत घेऊन जा.

आमच्या मागण्या

1. भाटघर, नीरा-देवघर आणि गुंजवणी यांच्या खाली नदीपात्रात बारमाही किमान प्रवाह किती, हे मोजणी करून ठरवा आणि आदेशानं जाहीर करा.

2. तो प्रवाह अर्ज-विनंतीवाचून सुटेल अशी वाट धरणाला करा. ती उन्हाळ्याच्या पातळीला धरून आखा.

3. भोर-वेल्ह्याच्या मुख्य ओढ्यांवर मोजपट्ट्या बसवा. वाचन गावच्या माणसानं करावं आणि त्याला त्याची मजुरी मिळावी.

4. रोजचा आकडा, धरणातला आणि नदीतला, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. क्युसेक आणि लिटर दोन्हींत.

5. पाण्याच्या हक्काची सुनावणी असेल तेव्हा गावाला सरकारी खर्चानं अभियंता द्या. तो गावाला जबाबदार असावा, पाटबंधारे खात्याला नव्हे.

6. शेती, कारखाने, शहरं, सगळ्यांचा उपसा मोजा. एकाला मीटर आणि दुसऱ्याला मोकळं रान, हे चालणार नाही.

सरकार म्हणेल, पैसे नाहीत. धरण बांधायला होते, कालवे खोदायला होते, मग पत्र्याच्या खाचेला आणि पट्टीला नाहीत? म्हणेल, माणसं नाहीत. माणसं आम्ही देतो! म्हणेल, बघू. "बघू" हा शब्द ऐकून गिरणगावानं कधी पाळी सुरू केली नाही, आणि उत्रोलीनंही करू नये.

तेव्हा कामगारांनो, हे पत्रक वाचून घडी करून खिशात ठेवू नका. गावकीच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. येत्या ग्रामसभेत वरच्या सहा मागण्यांचा ठराव मांडायला लावा, त्याची नक्कल तहसीलदाराच्या हाती द्या आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. आणि पाऊस उघडला की पहिल्याच रविवारी ओढ्यावर जाऊन पहिला आकडा वहीत लिहा, तारीख घालून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी.

पाणी आमचं, मोजणीही आमची! जय महाराष्ट्र!